कुठनं बसणार?

समुद्रातली बोट गोव्याला धरा नाहीतर मुंबईला धरा, पाणी तेच. पण गोव्याच्या वाटेवर माझ्या आईच्या भावाचं घर होतं आणि मुंबईच्या वाटेवर नव्हतं. आईला भावाला भेटायचं होतं. मी मुंबई धरली. झालं एवढंच. दोन ओळींत संपणारी गोष्ट आहे, पण इतकी वर्षं झाली, मला ती काही संपवता आलेली नाही.

आधी माझं सांगते. कोल्हापुरात स्टँडजवळ एका टूर्सच्या ऑफिसात मी नोकरीला होते. ऑफिस म्हणजे काय, एक गाळा, दोन टेबलं, एका भिंतीवर तिरुपतीचा फोटो आणि त्याच्या शेजारीच गोव्याच्या बीचचं कॅलेंडर. नव्वदच्या दशकात लागले तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. गाडीचा तक्ता हातानं आखायचा, खिडकीच्या सीटवर बाईचं नाव असलं की गोल करायचा, आणि फोन मानेत धरून लिहायचं. फोन आला की लोक आधी विचारतात कुठं जायचंय. मी ते नंतर विचारायची. माझा पहिला प्रश्न ठरलेला, "कुठनं बसणार?"

त्याला कारण होतं. कुठं जायचं ते माणूस दहा लोकांना विचारून ठरवतो, पण कुठनं बसायचं ते त्याचं त्याचंच असतं. आमचं एक गिऱ्हाईक राहायला स्टँडच्या मागं आणि बसायला कागलला. वीस किलोमीटर रिक्षानं जायचा आणि तिथं आमची गाडी पकडायचा. का, तर स्टँडसमोर सासुरवाडी. बघितलं की मेव्हणे विचारणार, आम्हाला न सांगता कुठं चाललात? दुसऱ्या एक बाई होत्या, घर स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर, पण कायम कावळा नाक्यावर बसायच्या. एकदा मी कुरकुर केली, तेव्हा सावकाश म्हणाल्या की त्यांचा मुलगा नोकरीला म्हणून ह्या स्टँडवरनं गेला तो परत आला नाही, त्यामुळं हितं पाय ठेवत नाही. तेव्हापासून मी ऑफिसात येणाऱ्या नव्या पोरींना शिकवायची, बायांनो, माणूस कुठनं बसतो म्हणतोय त्यावर वाद घालायचा नाही. निमूटपणे लिहून घ्यायचं.

दुसऱ्यांच्या बाबतीत मी अशी शहाणी.

घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. वडील मी कॉलेजात असतानाच गेले. माझं लग्न झालं नाही. का झालं नाही हे विचारायला अर्धं कोल्हापूर येऊन गेलंय, तुम्ही तरी नका विचारू. तोंडानं मी फटकळ, आणि रागाला बसले की उतरत नाही. आई उलटी. तिचा राग स्टोव्हसारखा, भर्रकन पेटायचा आणि चहा होईपर्यंत विझायचा. तो विझलेला मला कधी कळायचा नाही, ही खरी आमच्या घरातली अडचण.

आईचं माहेर आजऱ्याच्या पुढं, आंबोलीच्या रस्त्यावर. अगदी रस्त्याला लागून घर, समोर सोपा म्हणजे ओसरी, बाजूला काजूची चार झाडं. ती तीन वर्षांची असताना तिची आई गेली. तिला वाढवली ती तिच्या थोरल्या भावानं, म्हणजे माझ्या मामांनी. ती त्यांना आण्णा म्हणायची. आण्णा तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. गडीमाणूस, पण बहिणीची वेणी घालायला शिकले. शाळेत पोरी हसायच्या म्हणे, तुझी वेणी बैलाच्या कासऱ्यासारखी दिसत्या, इतकी आवळून घातलेली असायची. हे सांगताना आई स्वतःच हसून लाल व्हायची.

आणि बोटीचं सुद्धा मूळ आण्णांपाशीच. आई सात-आठ वर्षांची असताना आण्णांनी तिला बैलगाडीतनं आंबोलीला नेलं होतं. तिथं एका कड्यावरनं, हवा स्वच्छ असली तर, लांब खाली समुद्र दिसतो. दिसतो म्हणजे चकाकणारी एक रेघ. तिच्यावर एक काळा ठिपका होता. आण्णा म्हणाले ती बोट. खरंच बोट होती का झाडाची फांदी मधे आली होती देव जाणे, पण आईनं हट्ट धरला, मला बोटीत बसायचं. आण्णा म्हणाले, "बसवतो की. मोठी हो, बसवतो."

ते राहून गेलं. लग्न झालं, संसार झाला, आणि आण्णा दर वर्षी सुगी झाली की आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचं पोतं आणि काजूगर घेऊन कोल्हापूरला यायचे. दारातनंच ओरडायचे, "पावणी हाय का घरात?" मग दोघं बहीण-भाऊ असे मोठ्यानं बोलायचे की शेजारच्यांना वाटायचं भांडण लागलंय.

मग खरंच लागलं. पंच्याण्णवच्या आसपास मामांच्या मुलीचं लग्न निघालं. आई तिची आत्या, पहिला मान आईचा. आमच्याकडं रीत अशी की सख्ख्या बहिणीला लग्नाचं सांगायला भावानं स्वतः यायचं, हळद-कुंकू लावून, हातात अक्षता देऊन. आईनं पैठणीचं कापड आणून ठेवलं होतं, पितळेचा हंडा घासून लखलखीत करून ठेवला होता. रोज वाट बघायची. आणि एके दिवशी दुपारी आमच्या ऑफिसात आजऱ्याच्या एस.टी.चा कंडक्टर आला आणि एक प्लॅस्टिकची पिशवी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "आजऱ्याच्या पावण्यांनी दिलंय." पिशवीत लग्नपत्रिका आणि पुडीत बांधलेल्या अक्षता. लग्न चार दिवसांवर.

कंडक्टरबरोबर अक्षता! लोक कंडक्टरबरोबर गाडीचे पार्ट पाठवतात, औषधं पाठवतात, सख्ख्या बहिणीचं बोलावणं पाठवतात काय? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी जाऊन आईपुढं पिशवी ठेवली. आईनं ती उघडली, पुडी सोडली, तांदळाचे चार दाणे तळहातावर घेतले आणि रडली. मग संतापली. म्हणाली, "मी जाईत न्हाय. त्येला सांग, बहीण मेली."

असं ती म्हणाली, हे खरं आहे. पण ती रात्रीच म्हणाली असती, जाऊ या गं उद्या सकाळच्या गाडीनं. तिचा राग मी ओळखत होते ना? मी थांबलेच नाही. त्याच संध्याकाळी ती पिशवी घेऊन स्टँडवर गेले आणि परतीच्या गाडीच्या त्याच कंडक्टरच्या हातात दिली. "म्हणावं, बोलवायला यायला सवड न्हाय तर आम्हालाबी यायला सवड न्हाय." अक्षता परत पाठवल्या मी. आई नव्हे, मी.

फार नंतर कळलं की मुलाकडच्यांनी तारीख अचानक अलीकडं ओढली होती, आणि मामा त्या आठवड्यात तापानं फणफणले होते.

त्यानंतर अकरा वर्षं जाणं-येणं बंद. पण सुगी झाली की तांदळाची पिशवी यायचीच, त्याच कंडक्टरबरोबर. पहिल्या वर्षी आई म्हणाली, "परत कर." मी परत केली. दुसऱ्या वर्षी आई काही बोलली नाही, तरी मी परत केली. मग ती सवयच झाली. डिसेंबरात पिशवी यायची, मी तिला हात न लावता परत गाडीत चढवायला लावायची. कंडक्टर बिचारा एकदा म्हणाला, "ताई, लई वास सुटलाय तांदळाला, ठेवा की." मी म्हटलं, "तुम्ही तिकिटं फाडा." हा रुसवा आईचा होता, पण तो जपला मी. आईच्या नावावर मीच तो पोसत राहिले.

दोन हजार पाच-सहाच्या हिवाळ्यात मात्र आई स्वतः स्टँडवर गेली. मला न सांगता. मी घरी आले तर दारातच घनसाळचा वास. आई भात वाढत होती. मी म्हटलं, "हे काय?" ती म्हणाली, "भात." मी म्हटलं, "तो दिसतोय मला." ती म्हणाली, "मग खा की." मी तोंड वाकडं करून खाल्ला. कंडक्टरनं तिला तिथं काय सांगितलं ते तिनं मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

त्याच दरम्यान आमच्या मालकांनी मला बक्षीस दिलं. मुंबईहून तेव्हा पर्यटकांची मोठी बोट निघायला लागली होती, सातमजली, आत सिनेमा, पोहायचा तलाव, सगळं. मुंबईच्या एजंटाकडून मालकांना दोन जागा मिळाल्या होत्या. म्हणाले, "तू आणि आई जाऊन या. इतकी वर्षं लोकांना फिरवलंस." बोट मुंबईला संध्याकाळी सुटायची, दुसऱ्या दिवशी दुपारी गोव्याच्या बंदरात लागायची, तिथंही काही लोक चढायचे, मग एक दिवस समुद्रात हिंडून चौथ्या दिवशी सकाळी परत मुंबई. मालक म्हणाले, "गोव्यात बसलात तर एक रात्र कमी मिळेल, पण प्रवास निम्मा. आपली सकाळची गोव्याची गाडी आहेच. परत मुंबईवरनं रेल्वेनं या. ठरवा आणि कळवा, कुठनं बसणार?"

माझाच प्रश्न मला विचारला त्यांनी.

मी घरी येऊन आईला सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना. "खरीखुरी बोट? झोपायबी तिथंच?" दोन मिनिटं पदर तोंडाला लावून नुसती हसत बसली, पासष्ट वर्षांची बाई. मग जेवायला बसलो, तेव्हा म्हणाली, "गोव्यातनं बसूया की. जवळ पडतंय."

"एक रात्र कमी मिळते गं."

"मिळू दे. किती रात्री लागत्यात बोट बघाय?"

"आणि तुला घाट लागतो. आंबोलीत ओकत बसशील. मुंबईला कसं, रेल्वेत झोपलं की सकाळी मुंबई."

"आवळासुपारी धरतो की तोंडात." आई जुनी कोल्हापुरी, स्वतःला धरतो, जातो, येतो म्हणायची. मग ताटातला भात बोटानं सारखा करत म्हणाली, "आजऱ्यावरनंच जातोय न्हवं रस्ता?"

आता ह्यात न कळण्यासारखं काय होतं? आमच्याकडं बोलावल्याशिवाय माहेरी जायचं नसतं, विशेषतः भांडण झाल्यावर. पण वाटेवर माहेर लागलं आणि बाई न थांबता पुढं गेली, तर तेही चालत नाही. वाटेवरचं माहेर टाकायचं नाही. म्हणजे कुणाचा मान न जाता, कुणी माफी न मागता, तिला भावाच्या दारात उतरता आलं असतं. बोट गोव्याला, म्हणून रस्ता आजऱ्यावरनं, म्हणून पाच मिनिटं घरी. इतकी साधी, इतकी सुंदर सोय होती ती. आणि ती मी, जिचा धंदाच लोकांच्या सोयी बघण्याचा, मी काय म्हणाले?

"म्हणूनच तर नको. त्यांच्या दारावरनं आपण कशाला जायचं? कंडक्टरबरोबर अक्षता धाडणारी माणसं ती."

"लई वर्सं झाली त्येला."

"तुला मानअपमान नसेल, मला आहे."

आईनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "तुझ्या मनाला येईल तसं कर बाई." मी केलं. पुढच्या आठवड्यात मालकांना सांगितलं, मुंबई.

रेल्वेत बसताना तिच्याकडं एक कापडी पिशवी होती, ती काही केल्या माझ्या हातात देईना. बोटीवर खोलीत गेल्यावर मी ती उघडली तर वर नारळ. मला हसू आलं. "समुद्राला वाहायला आणलास काय? इथं वरनं टाकला तर खाली कुणाच्या तरी डोक्यात पडेल." ती म्हणाली, "असू दे तिथंच," आणि पिशवी कपाटात ठेवली. नारळाच्या खाली काय होतं ते मी बघितलं नाही.

बोट भारी होती, खोटं कशाला बोलू. आई सगळ्यांत आधी पंखा शोधायला लागली, मग थंड हवा कुठनं येते ते शोधलं. जेवणाच्या ठिकाणी चाळीस पदार्थ बघून म्हणाली, "ह्ये सगळं आजच संपवायचं हाय काय?" आणि दहीभात घेतला. मी तिचे फोटो काढले, नऊवारी नेसलेली, मागं पांढरा कठडा. ऑफिसात दाखवायला.

पण संध्याकाळी मावळता सूर्य बघायला सगळी बोट एका बाजूला गोळा झाली आणि आई उठेना. ती दुसऱ्या बाजूला खुर्ची टाकून बसली होती, जमिनीच्या बाजूला. जमीन दिसत नव्हती, नुसता धूसर पट्टा. मी म्हटलं, "अगं, मजा तिकडं आहे." ती म्हणाली, "मी हितंच बरी हाय." दुसऱ्या दिवशी सकाळीही तिथंच. शेवटी मी चिडले. "आयुष्यभर बोट बोट केलंस, आणि आता पाण्याकडं पाठ करून बसतेस?" मी लहान असताना मला ताप आला की बघायची, तसं तिनं माझ्याकडं बघितलं.

दुपारी गोवा आलं. बोट धक्क्याला लागली, काही लोक फिरायला उतरले, आम्हीही उतरलो. धक्क्यावर ऊन रणरणत होतं. पलीकडून नवे प्रवासी सामान घेऊन चढत होते, त्यांतले दोघे-तिघे आमच्याच बाजूचे वाटले बोलण्यावरनं. आई त्यांच्याकडं टक लावून बघत होती. मग मला म्हणाली, "हितनं आजरा किती लांब?"

"चारेक तास. का?"

"मग सांजच्या आधी पोचलं असतं माणूस."

मला वाटलं चेष्टा करतेय. मी हसले. "पोचलं असतं, आणि बोट गेली असती निघून."

"व्हय," ती म्हणाली. "बोट गेली असती."

पुन्हा चढताना जिन्यावर थांबून म्हणाली, "तुझा फोन चालू कर की जरा."

"कुणाला लावायचाय?"

"लावायचा न्हाय. कुणाचा आला असंल तर."

"आला तर गिऱ्हाइकांचा. जीव खातात मेले, म्हणून तर बंद ठेवलाय. मुंबईला उतरल्यावर करते." मोबाईल माझ्या पर्समध्ये होता. एक बटण दाबायचं होतं. आईला ते दाबता येत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी मुंबईला उतरलो, सामान एका बाजूला घेतलं आणि मी फोन चालू केला. मालकांचे निरोप एकापाठोपाठ एक वाजायला लागले. मी फोन लावला. मालक म्हणाले, "अगं कुठं आहेस तू? तुझे आजऱ्याचे मामा गेले. परवा संध्याकाळी. काल सकाळी झालं सगळं. तुझ्या मामेभावाचे किती फोन आले ऑफिसात."

परवा संध्याकाळी. म्हणजे आम्ही गोव्याच्या धक्क्यावर उभ्या होतो तेव्हा ते होते.

आई बॅगेवर बसली होती, कापडी पिशवी मांडीवर. मी वळले. ती म्हणाली, "आण्णा गेला न्हवं?"

मी मान हलवली. तिनं पदर डोक्यावरनं नीट घेतला, उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मग आता कुठनं बसायचं?"

मुंबईत कोल्हापूरची गाडी कुठनं कुठनं सुटते ती सगळी ठिकाणं मला तोंडपाठ. झोपेत विचारा, सांगीन. मला एकही आठवेना. शेवटी एका टॅक्सीवाल्यानं विचारून विचारून आम्हाला नेलं.

आजऱ्याच्या पुढं त्या घरासमोर अकरा वर्षांनी उतरलो, तेव्हा रक्षाविसर्जनही होऊन गेलं होतं. सोप्यात एक खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. आई दारात थांबली, आत काही जाईना. मामी बाहेर आल्या आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी बाजूला, चप्पल हातात धरून.

मामींनी जे सांगितलं ते कुणाला दोष देण्यासाठी नव्हतं, हे मी आधीच सांगते. त्या भोळेपणानं सांगत होत्या. मामांच्या पायावर सूज होती, दोन महिने अंथरुणावर होते. कंडक्टरनं डिसेंबरात येऊन सांगितलं की बहिणीनं ह्या वेळी तांदूळ ठेवून घेतला. त्या दिवशी मामा पोटभर जेवले. मग जानेवारीत कंडक्टरबरोबरच आईचा निरोप आला, आम्ही बोटीत बसायला गोव्याला चाललोय, अमुक दिवशी सकाळी वाटेवरनं जाणार. मामांनी उलट निरोप धाडला, ये म्हणावं. "आणि त्या दिवशी पहाटंच उठून खाट सोप्यात काढाय लावली," मामी म्हणाल्या. "दाढी करून घेतली. गाडी आली की म्हणायचं, बघ गं, थांबती का. दुपारपातूर बसलं. मी म्हटलं, आत चला, ऊन लागतंय. म्हणालं, बोट सांजंची असती, येळ हाय अजून."

आई जमिनीकडं बघत होती. मला वाटलं मला ह्या जमिनीनं आत घ्यावं.

परसात दोघीच असताना मी तिला धरलं. "मला का सांगितलं नाहीस तू?"

"सांगिटलं की," आई म्हणाली. "गोव्यातनं बसूया म्हणून सांगिटलं."

"मग मुंबई ठरल्यावर निरोप का फिरवला नाहीस?"

"वाटलं, तू बदलशील." तिनं नाक पुसलं. "तिकिटं हातात पडुस्तवर वाटत हुतं."

उत्तरकार्याला पुन्हा गेलो. त्या दिवशी पाहुणे मृताच्या मुलाला दुखवट्याचा आहेर करतात, टॉवेल आणि टोपी. मामेभाऊ तिशीतला, पाटावर बसला होता. एकेक पाहुणा येऊन त्याच्या डोक्यावर टोपी ठेवत होता, तो ती काढून बाजूला ठेवत होता. आईची पाळी आली. तिनं तीच कापडी पिशवी उघडली. नारळ काढला, मुंबईपर्यंत, गोव्यापर्यंत, समुद्रात हिंडून आलेला. त्याखालनं नवा टॉवेल काढला, आणि त्याच्या घडीत ठेवलेली पांढरी टोपी. कडक इस्त्रीची.

ती तिनं भाच्याच्या डोक्यावर ठेवली आणि ती घसरून कानांवर आली. एक म्हातारे पाहुणे म्हणाले, "मोठी झाली की वो. बदलून आणायची."

"मोठी न्हाय," आई म्हणाली. "मापाची हाय. आण्णाचं डोस्कं मोठं हुतं."

तिनं टोपीची कड हळूच आत दुमडली, पुन्हा त्याच्या डोक्यावर सारखी केली आणि दोन्ही हातांनी तशीच धरून उभी राहिली.

मी बायकांच्या मागं बसले होते. तिथं मला जे रडू फुटलं ते आवरेना. मोठ्यानं रडले, हमसून हमसून. बायका म्हणत होत्या, भाचीचा लई जीव हुता मामावर. आई तिकडनं उठून आली, माझ्या शेजारी बसली आणि माझ्या पाठीवरनं हात फिरवत म्हणाली, "गप गं. गप. तुला कुठं म्हाईत हुतं?"

दिवसाला पन्नास माणसांना विचारायची मी, कुठनं बसणार म्हणून. तिला एकटीला विचारायचं होतं, गोव्यातनंच का.